स्वतंत्र विज्ञान-चित्रपट : द्रव्यसाहाय्य आणि चित्रीकरणोत्तर संस्कार

१

मराठी विज्ञानकथेच्या अभ्यासकाला एक विसंगती सहज जाणवते. कथेच्या क्षेत्रात ही शाखा निदान अर्ध्या शतकापासून स्थिरावलेली आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी १९७४ साली टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकास पात्र ठरली. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर इत्यादी लेखकांनी या प्रकाराला मासिकांत आणि ग्रंथांत हक्काचे स्थान मिळवून दिले. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा या स्थानावर एक प्रकारे शिक्कामोर्तबच झाले. चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र चित्र निराळे आहे. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) यासारखी मोजकी उदाहरणे सोडली, तर मराठी विज्ञान-चित्रपट अशी परंपरा निर्माण झालेली दिसत नाही.

या विसंगतीचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. मराठी प्रेक्षकाला असल्या कल्पनेची गोडी नाही, हे एक. मराठी दिग्दर्शकाची कल्पनाशक्ती कुटुंब, गाव आणि इतिहास यांच्या पलीकडे जात नाही, हे दुसरे. दोन्ही स्पष्टीकरणे टिकणारी नाहीत. विज्ञानकथांच्या आवृत्त्या काढविणारा वाचक आणि तिकीट काढणारा प्रेक्षक हे एकाच समाजाचे घटक आहेत. कल्पनाशक्तीचा अभाव म्हणावा, तर पहिल्या भारतीय चित्रपटाचा कर्ताच दृश्य-चमत्काराचा उपासक होता. कारण शोधायचे ते चित्रपट तयार होण्याच्या प्रक्रियेत शोधले पाहिजे. कथालेखकाला कृष्णविवर निर्माण करण्यास एक वाक्य पुरते. चित्रपटकाराला तेच कृष्णविवर चित्रीकरण संपल्यानंतर, बहुधा पैसा संपल्यानंतर, घडवावे लागते. हा ‘नंतर’च प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पुण्याच्या कोथरूड भागात या प्रक्रियेची दोन टोके एकमेकांच्या जवळ आलेली आहेत. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ साली सुरू झाला. त्याचे खेळ अनेक वर्षे कोथरूडच्या सिटीप्राइड चित्रपटगृहात होत आले. व्यावसायिक वितरण न लाभलेले कितीतरी चित्रपट पुणेकरांनी तेथेच प्रथम, आणि पुष्कळदा अखेरचे, पाहिले. त्याच कोथरूडमध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची चित्रफितींची कोठारे आहेत. एका ठिकाणी चित्रपट दाखविला जातो, दुसऱ्या ठिकाणी तो राखला जातो. स्वतंत्र विज्ञान-चित्रपट पहिल्या ठिकाणापर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचतो आणि दुसऱ्या ठिकाणापर्यंत पोहोचतो की नाही, हे दोन्ही प्रश्न वाङ्मयबाह्य वाटतात. परंतु कृतीच्या रूपाशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

२

चित्रीकरणानंतर चित्रपटावर जे संस्कार होतात, त्यांना व्यवसायात ‘पोस्ट-प्रॉडक्शन’ म्हणतात. संकलन, ध्वनिरचना, पार्श्वसंगीत, दृश्य-परिणाम, रंगसंस्करण आणि अंतिम प्रत असा त्यांचा विस्तार आहे. वास्तववादी चित्रपटात या संस्कारांचे महत्त्व कमी नसते. तथापि तेथे मूळ द्रव्य चित्रीकरणातच हाती आलेले असते. कोथरूडमधील एखाद्या सदनिकेत दोन बहिणींचा संवाद चित्रित झाला, की ती खोली, ते चेहरे आणि तो प्रकाश यांचे अस्तित्व निश्चित झाले. संकलक त्यांची निवड करील, क्रम लावील, लय साधील. परंतु खोली त्याला निर्माण करावयाची नसते. तीच खोली मंगळावरील वसाहतीत आहे असे दाखवायचे असेल, तर खिडकीबाहेरचा हिरवा पडदा हा केवळ एक वायदा असतो. चित्रीकरण संपते त्या दिवशी वास्तववादी चित्रपटाचा बराचसा भाग झालेला असतो. विज्ञान-चित्रपटाचे मुख्य दृश्य अद्याप जन्मालाही आलेले नसते.

येथे एक तांत्रिक पेच उद्भवतो. चित्रपट एका सेकंदाला २४ चौकटी या गतीने चालतो. पाच सेकंदांच्या एका दृश्यखंडात १२० चौकटी येतात आणि प्रत्येक चौकटीवर काम करावे लागते. म्हणून दृश्य-परिणामांचे काम हाती घेण्यापूर्वी संकलन कायम करणे इष्ट असते. नंतर दोन सेकंद वाढविले, तर तेवढ्या ४८ चौकटींचा खर्च नव्याने उभा राहतो. उलट, खिडकीबाहेर प्रत्यक्षात काय दिसणार आहे हे कळल्यावाचून तो खंड किती वेळ टिकेल, याचा निर्णय संकलकाला विश्वासाने करता येत नाही. संपन्न संस्था हा पेच पैशाने सोडवितात. त्या कच्ची दृश्ये तयार करून पाहतात, टाकून देतात, पुन्हा करतात. स्वतंत्र चित्रपटकाराला एकच संधी असते. त्यामुळे त्याच्या चित्रपटात पुष्कळदा जे लयदोष आढळतात, त्यांचे मूळ दिग्दर्शकाच्या रसिकतेत नसून या सक्तीच्या क्रमात असण्याचा संभव असतो.

द्रव्याचा ओघ याच्या नेमका उलट दिशेने वाहतो. कल्पना नवी असते तेव्हा मित्र, आप्त आणि हौशी भांडवलदार यांचा उत्साह सर्वाधिक असतो. चित्रीकरणात माणसे, सामग्री, दिव्यांचा झगमगाट डोळ्यांना दिसतो. दिलेला पैसा कोठे गेला हे दात्याला कळते. चित्रीकरणोत्तर काम बंद खोलीत, महिनोन्‌महिने चालते आणि बाहेरच्या माणसाला तेथे काहीच घडत नाही असे वाटते. शासकीय साहाय्यानेही हे अंतर भरून निघत नाही. महाराष्ट्र शासनाचे मराठी चित्रपटांसाठीचे अनुदान हे पूर्ण झालेल्या चित्रपटाचे परीक्षण करून दिले जाते. चित्रपट पूर्ण होण्यासाठी ज्याला पैसा हवा आहे, त्याला पूर्ण झाल्यावर मिळणारा पैसा ही आशा असते, साधन नव्हे.

विज्ञान-चित्रपटाचा खर्च शेवटी साचतो आणि त्याला मिळणारे साहाय्य आरंभी आटते. या दोहोंमधील दरी कशी ओलांडली गेली, यावरून त्या चित्रपटाचे रूप बहुतांशी ठरते.

३

या दरीचे पहिले भारतीय उदाहरण विज्ञान-चित्रपटाचे नाही. पण त्याच्या केंद्रस्थानी विज्ञानाचाच एक प्रयोग आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विम्याची कागदपत्रे तारण ठेवून लंडन गाठले आणि यंत्रसामग्रीची व्यवस्था केली. परत आल्यावर त्यांच्याजवळ यंत्र होते, पण पौराणिक चित्रपटास लागणारे भांडवल नव्हते. केवळ शब्दांवर विश्वास ठेवून पैसा देणारा धनिक मिळणे कठीण होते. फाळक्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, त्याच्या समोर कॅमेरा रोखला आणि दिवसामागून दिवस थोड्या थोड्या चौकटी टिपत गेले. बीज फुटून वेल वाढण्यास जो काळ लागला, तो पडद्यावर एखाद्या मिनिटात सामावला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत निवडक लोकांना दाखविण्यात आली आणि द्रव्यसाहाय्याचा मार्ग मोकळा झाला.

या घटनेकडे चरित्रकार चातुर्याची कथा म्हणून पाहतात. समीक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व अधिक आहे. फाळक्यांनी धनिकांना भावी चित्रपटातील एकही पात्र, एकही प्रसंग दाखविला नाही. काळ आकुंचित करण्याची शक्ती त्यांनी दाखविली, आणि ती शक्ती कॅमेऱ्यासमोर घडलेल्या घटनेत नव्हती. वाटाणा आपल्या गतीनेच वाढला. चमत्कार घडला तो चौकटी एकत्र येऊन पडद्यावर धावल्या तेव्हा. म्हणजे भारतीय चित्रपटाला मिळालेले आरंभीचे भांडवल हे चित्रीकरणोत्तर परिणामाच्या पुराव्यावर मिळाले. आजही स्वतंत्र चित्रपटकार संभाव्य साहाय्यकर्त्याला दोन-तीन मिनिटांचा नमुना तयार करून दाखवितो, तेव्हा तो फाळक्यांच्याच वाटेने जात असतो.

दुसरी बाब तितकीच लक्षणीय आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाच्या फितीला भोके पाडणे, रसायने तयार करणे, फीत धुणे ही कामे घरात झाली आणि त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा फार मोठा होता. चित्रपटाच्या खर्चासाठी त्यांचे दागिनेही गेले. दागिन्यांची नोंद हिशेबात होऊ शकते, रात्री जागून केलेल्या कामाची होत नाही. त्या श्रमाला मोबदला दिला गेला असता, तर जमाखर्चाचे चित्र पूर्णतः पालटले असते. अल्प खर्चात झालेला चित्रपट अशी ख्याती ज्या कृतींना लाभते, त्या सर्वांच्या बाबतीत हा प्रश्न विचारावयास हवा की खर्च खरोखरच अल्प होता, की त्याचा मोठा भाग कोणी तरी नाव न लावता उचलला होता ?

या प्रश्नाचे आधुनिक रूप शेन करूथ यांच्या ‘प्रायमर’ (२००४) या अमेरिकन चित्रपटात दिसते. कालप्रवासावरील हा चित्रपट सुमारे सात हजार डॉलरांत झाला, हे सर्वत्र सांगितले जाते. त्याचे लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि प्रमुख भूमिका एकाच व्यक्तीने केली आणि चित्रीकरणानंतरच्या कामात जवळजवळ दोन वर्षे गेली, हे त्यामानाने कमी सांगितले जाते. सात हजार डॉलर हा फितीचा आणि सामग्रीचा खर्च झाला. दोन वर्षांचे आयुष्य हा दुसरा खर्च, आणि तो आकड्यात नाही. स्वतंत्र विज्ञान-चित्रपटाचा सर्वांत मोठा देणगीदार बहुधा त्याचा कर्ता आणि त्याचे घर हाच असतो.

४

घराबाहेरील साहाय्याचा विचार करताना लोकवर्गणीचे उदाहरण प्रथम येते. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) हा चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्याच्या पटकथेशी विजय तेंडुलकर यांचे नाव निगडित असल्यामुळे मराठी अभ्यासकाला तो परका नाही. या वर्गणीमागील तत्त्व स्पष्ट आहे. पैसा देणारा समाज पडद्यावर स्वतःलाच पाहणार होता. सहकारी दूध संघ, जातींचे ताण, व्यापाऱ्याची पिळवणूक या गोष्टी वर्गणीदाराच्या रोजच्या जीवनातल्या होत्या. चित्रपट तयार झाल्यावर वर्गणीदारच प्रेक्षक म्हणून आले.

विज्ञान-चित्रपटाला असा पूर्वसिद्ध समाज नसतो. अंतराळयानात राहणाऱ्यांची कोणतीही सहकारी संस्था अस्तित्वात नाही. ज्यांचे जीवन चित्रित होणार, ते अद्याप जन्मलेले नाहीत. येथे वर्गणीदार मिळवायचा, तर तो त्या प्रकाराचा रसिक म्हणून मिळवावा लागतो. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांच्या ‘लुसिया’ (२०१३) या चित्रपटाने हे दाखवून दिले. स्वप्ने घडविणाऱ्या एका गोळीभोवती फिरणाऱ्या या कथेसाठी भावी प्रेक्षकांनाच आवाहन करण्यात आले आणि ११० जणांकडून सुमारे ५० लाख रुपये जमले. फिनलंडमध्ये तिमो वुओरेन्सोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टार रेक’ मालिकेतील चित्रपट (२००५) हौसेने, घरगुती संगणकांवर, कित्येक वर्षे खपून पूर्ण केला आणि विनामूल्य खुला केला. त्या चित्रपटाने जमविलेला रसिकवर्ग हेच त्यांचे भांडवल ठरले आणि ‘आयर्न स्काय’ (२०१२) या पुढील चित्रपटाच्या खर्चाचा काही भाग त्या वर्गाने उचलला.

या पद्धतीचा लाभ उघड आहे. तिच्यातील धोका मात्र पुरेसा चर्चिला जात नाही. पैसा देणारा रसिक हा आपल्या आवडीच्या पूर्वीच्या कृती मनात ठेवून पैसा देतो. त्याला दिलेले वचन बहुधा दृश्याचे असते : असे यान, अशी नगरी, असे युद्ध. चित्रीकरणोत्तर काळात दिग्दर्शकाला उमगले की चित्रपटाची गरज वेगळी आहे, युद्धाचा प्रसंग गाळला तर कथा उंचावते, तरी ते गाळणे वचनभंग ठरते. नमुना दाखवून पैसा मिळविला की तो नमुना चित्रपटावर राज्य करू लागतो. फाळक्यांना हा जाच झाला नाही, कारण त्यांच्या अंकुराचा हरिश्चंद्राशी काही संबंध नव्हता. त्यांनी सामर्थ्याचे वचन दिले होते, दृश्याचे नव्हे.

असे वचन डोक्यावर नसेल, तर संकलन हे आत्मपरीक्षणाचे साधन होऊ शकते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा अद्भुत-भयाचा चित्रपट विज्ञान-चित्रपट नव्हे. पण येथे तो उपयोगी आहे. त्याचे चित्रीकरण २०१२ साली झाले. ते संकलित रूपात पाहिल्यावर जे अभिप्रेत होते ते साधले नाही असे कर्त्यांना दिसून आले. कथेची पुनर्रचना झाली, पुन्हा चित्रीकरण झाले आणि ते २०१५ साली संपले. चित्रपट प्रकाशात आला तो आणखी तीन वर्षांनी. कल्पित विश्व पडद्यावर उभे राहिले की नाही, हे संकलनाच्या मेजावरच कळते. त्या ज्ञानाचा उपयोग करण्याइतका काळ आणि पैसा मागे उरलेला असणे, ही ‘तुंबाड’च्या यशातील निर्णायक बाब आहे. बहुतेक स्वतंत्र चित्रपटांना ते ज्ञान होते, पण त्याचा उपयोग करता येत नाही.

५

दरी ओलांडण्याची आणखी एक रीत आहे. ती म्हणजे कल्पित विश्वाचा भार दृश्य-परिणामांवरून काढून अन्य घटकांवर टाकणे. ख्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ (१९६२) हा कालप्रवासावरील लघुचित्रपट जवळजवळ सर्वस्वी स्थिर छायाचित्रांचा आहे. गोदार यांच्या ‘आल्फाव्हिल’ (१९६५) मधील दुसऱ्या ग्रहमालेतील नगरी म्हणजे त्या काळचे रात्रीचे पॅरिस होय. या दोन्ही कृतींत भविष्य घडते ते निवेदनात, प्रकाशात आणि संकलनात.

नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ हा हिंदी चित्रपट याच रीतीचा महत्त्वाचा भारतीय नमुना आहे. संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या दिग्दर्शिकेने लघुचित्रपटांपासून आरंभ केला. ‘कार्गो’ ही त्यांची पहिली पूर्ण लांबीची कृती. तिच्या निर्मात्यांत त्या स्वतःही आहेत, आणि अनुराग कश्यप, विक्रमादित्य मोटवाने यांच्यासारख्या समव्यावसायिकांचे पाठबळ तिला लाभले. मुंबईच्या महोत्सवात २०१९ साली तो प्रथम दाखविला गेला. अमेरिकेतील साउथ बाय साउथवेस्ट या महोत्सवात त्याची निवड झाली होती. पण साथीमुळे २०२० चा तो महोत्सवच रद्द झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चित्रपट थेट नेटफ्लिक्सवर आला.

कथेचे विश्व असे आहे. राक्षस आणि मानव यांच्यात तह झालेला आहे. मृत्यूनंतरची व्यवस्था राक्षसांच्या एका अंतराळ-खात्याकडे आली आहे. ‘पुष्पक ६३४ अ’ या यानात प्रहस्त हा जुना कर्मचारी एकटाच राहतो. पृथ्वीवर मेलेली माणसे ‘माल’ म्हणून यानात येतात, त्यांच्या वस्तू काढून घेतल्या जातात, जखमा भरल्या जातात, स्मृती पुसल्या जातात आणि ती पुनर्जन्मासाठी रवाना होतात. युविष्का ही नवी साहाय्यक येते आणि प्रहस्ताच्या एकांताला तडा जातो.

या रचनेत साधनांची मर्यादा कशी हाताळली आहे, हे पाहण्यासारखे आहे. कथेचा बहुतेक भाग यानाच्या अंतर्भागात घडतो. यानातील उपकरणे चकचकीत नाहीत; जुन्या सरकारी कचेरीतील सामानासारखी ती वापरून झिजलेली वाटतात. मृत माणसे येतात ती साध्या रोजच्या वेशात. भविष्याची प्रचीती येते ती कार्यपद्धतीतून : नोंद करणे, वस्तू जमा करून घेणे, खुर्चीत बसविणे, पुढच्याला बोलाविणे. मरण हे येथे एक टपालखाते आहे. भारतीय प्रेक्षकाला कचेरीचा जो दीर्घ अनुभव आहे, तोच या चित्रपटाचा पाया होतो.

त्याहून सूक्ष्म साधन नामांचे आहे. पुष्पक म्हणताच रावणाचे विमान आठवते, प्रहस्त म्हणताच त्याचा सेनापती. ज्या विश्वाची ओळख करून देण्यास परदेशी चित्रपटाला नगऱ्या आणि युद्धे दाखवावी लागतील, ते विश्व येथे दोन नावांनी उभे राहते. प्रेक्षकाच्या स्मृतीत साठलेले हे भांडवल कोणत्याही दात्याकडे मागावे लागत नाही. फाळक्यांनी हरिश्चंद्राची कथा निवडली, तेव्हा त्यांनीही याच ठेवीवर विसंबून मूकपटाचा डाव मांडला होता. ‘कार्गो’मध्ये पृथ्वीवरून प्रहस्ताशी पडद्यावरून बोलणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका नंदू माधव यांनी केली आहे, आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या परेश मोकाशी यांच्या चित्रपटात फाळके साकारणारेही तेच होत. हा योगायोग असला, तरी दोन कृतींमधील नाते सुचविण्यास तो पुरेसा आहे.

६

‘कार्गो’चे परीक्षण करताना अल्प साधनांत केवढे साधले, असा कौतुकाचा सूर लागण्याचा संभव असतो. हा सूर सहानुभूतीचा असला, तरी समीक्षेला तो घातक आहे. साधनांची अल्पता हा गुण नव्हे, दोषही नव्हे. ती एक परिस्थिती आहे. त्या परिस्थितीत कोणते निर्णय घेतले गेले आणि ते कथेच्या आशयाशी कितपत एकजीव झाले, एवढेच समीक्षेने पाहावयाचे असते.

या कसोटीवर ‘कार्गो’तील काही निर्णय पूर्णतः यशस्वी आहेत. एकाच बंदिस्त जागेत कथा ठेवणे हे खर्चाच्या दृष्टीने सोयीचे होतेच. पण प्रहस्ताचा एकांत हाच आशय असल्यामुळे ती सोय अपरिहार्यतेत रूपांतरित झाली. स्मृती पुसण्याची क्रिया कोणत्याही नेत्रदीपक परिणामाविना दाखविल्यामुळे तिचा निर्विकारपणा अधिक बोचतो. मरणाऱ्या माणसाचे अवघे आयुष्य एका कर्मचाऱ्याच्या दिनक्रमातले अर्धे मिनिट ठरते, हा आघात महागड्या चमत्काराने बहुधा बोथटच झाला असता.

याउलट काही ठिकाणी सोय ही सोयच राहिली आहे. एकामागून एक मृत येतात आणि जातात. यांतील प्रत्येक प्रसंग लहान आणि चटकदार असला, तरी त्यांच्या मालिकेने कथा पुढे सरकत नाही, आणि मध्यभागी लय मंदावते. नावे राक्षसांची आहेत, पण राक्षसत्वाचा नैतिक प्रश्न फारसा उचललेला नाही. शत्रू मानलेल्या जातीने मानवांच्या मरणाची सेवा पत्करावी, या कल्पनेत जो ताण आहे, तो तहाच्या उल्लेखातच संपतो. प्रहस्ताच्या जागी मानव असता, तर फार काही बिघडले असते असे वाटत नाही. या उणिवेला खर्चाचे कारण देता येणार नाही. तो प्रश्न संवादातून मांडण्यास एक पैसाही अधिक लागला नसता. पैशाची अडचण सांगून समीक्षेने ज्याला सूट द्यावी, असे दोष विज्ञान-चित्रपटात खरोखर असतात. ते ओळखता आले, तरच बाकीच्या दोषांबद्दल स्पष्ट बोलण्याचा अधिकार तिला मिळतो.

कडव यांच्या पुढील वाटचालीतही हीच कसोटी उपयोगी पडते. टाळेबंदीच्या काळात केलेल्या ‘५५ किमी/सेकंद’ (२०२१) या लघुचित्रपटात पृथ्वीवर उल्का आदळण्यापूर्वीच्या घटका आहेत. नटांनी आपापल्या घरांत राहून चित्रीकरण केले आणि माणसे एकमेकांना संपर्क-पडद्यावरच भेटतात. जगाचा अंत येथे परस्परांना स्पर्श न करू शकणाऱ्या माणसांच्या संभाषणात सामावतो. त्या वर्षी प्रेक्षकही तसेच जगत होते. परिस्थितीची सक्ती आणि कथेचा आशय यांची इतकी घट्ट सांगड क्वचितच पडते.

७

चित्रपट पूर्ण झाला, दाखविला गेला, म्हणजे प्रक्रिया संपली असे समजले जाते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्या दिग्दर्शकद्वयाचा ‘अस्तु’ हा २०१३ चा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांनी गौरविला जाऊनही चित्रपटगृहांत आला तो २०१६ साली. वास्तववादी चित्रपटाची ही कथा असेल, तर विज्ञान-चित्रपटाची वाट याहून सोपी असणार नाही. प्रदर्शनानंतरही एक अवस्था उरते, ती जतनाची. चित्रीकरणोत्तर संस्कारांपैकी हा अखेरचा संस्कार होय, आणि त्यासाठी कोणीही वर्गणी मागत नाही.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली, तोपर्यंत मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट झाला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ आज अंशतःच उपलब्ध आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या ताब्यातील ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा साठा जळाला. कोथरूडच्या कोठारांतील नियंत्रित तापमानाला या इतिहासाची पार्श्वभूमी आहे. परंतु आजचा स्वतंत्र चित्रपट फितीवर नसतो. संगणकीय धारिका हे त्याचे रूप आहे, आणि ती पुष्कळदा कर्त्याच्या घरातील एखाद्या तबकडीवर असते. फीत कपाटात विसरली गेली, तरी पन्नास वर्षांनी ती सापडण्याची आशा असते. तबकडी विसरली गेली, तर काही वर्षांतच ती वाचता येण्याची शाश्वती राहत नाही. संगणकीय मंचावर आज दिसणारा चित्रपट करार संपताच दिसेनासा होऊ शकतो.

येथे मुद्रित विज्ञानकथा आणि विज्ञान-चित्रपट यांच्यातील आरंभी सांगितलेला भेद पुन्हा समोर येतो. १९५४ च्या कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक ग्रंथाची प्रत प्रकाशकाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठविणे बंधनकारक आहे. नारळीकरांचा कथासंग्रह त्यामुळे कोठे ना कोठे राहणारच. चित्रपटाला त्या कायद्याचे संरक्षण नाही. एखाद्या तरुण दिग्दर्शकाने पाच वर्षे खपून केलेला विज्ञान-चित्रपट महोत्सवातील एका खेळानंतर अभ्यासकाला कायमचा अप्राप्य होऊ शकतो, आणि मग परंपरा नाही ही तक्रार स्वतःच आपले कारण बनते. जे राखले गेले नाही, त्याच्या आधारे पुढची पिढी शिकणार कशी ?

विज्ञान-चित्रपटाच्या बाबतीत केवळ अंतिम प्रत राखणेही पुरेसे नाही. हिरव्या पडद्यासमोरचे मूळ दृश्य, संकलनाचे टप्पे, टाकून दिलेले परिणाम, साहाय्यकर्त्याला दाखविलेला नमुना आणि खर्चाचे टिपण यांवाचून त्या कृतीचा अभ्यास अपुरा राहतो. हस्तलिखिताच्या पाठभेदांचे मोल जाणणाऱ्या विद्यापीठीय परंपरेला हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही. पुण्यात चित्रपट शिकविणारी संस्था आहे, विज्ञानकथेचे लेखक आणि वाचक आहेत, कोथरूडला संग्रहालयाची कोठारे आहेत. विभागाच्या एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाने एकाच स्वतंत्र विज्ञान-चित्रपटाची ही सर्व कागदपत्रे आणि धारिका कर्त्याच्या संमतीने जमवून, त्यांची सूची करून, योग्य ठिकाणी सुपूर्त केली, तर मूल्यमापनाला लागणारे साहित्य प्रथमच हाती येईल.

फाळक्यांचा वाटाणा कुंडीत एकदाच उगवला. तो उगवताना टिपला गेला, म्हणून त्यावर विश्वास ठेवणारी माणसे मिळाली. स्वतंत्र विज्ञान-चित्रपटाच्या अंदाजपत्रकात चित्रीकरणोत्तर कामाची रक्कम प्रथम बाजूला काढली जावी आणि तिच्यात जतनाची बाबही धरली जावी, ही अपेक्षा व्यावहारिक वाटेल. परंतु ज्या कलाप्रकारात कृती शेवटच्या टप्प्यावरच जन्म घेते, तेथे तो टप्पा सुरक्षित ठेवणे हा कृतीच्या सौंदर्याचाच प्रश्न असतो.